खालचा कप्पा, डावीकडे

मी एक पितळी भोंगा बोलतोय. हळू बोलतोय, कारण कपाटात बंद आहे. एरवी माझा आवाज असा, की नदीच्या या काठावर वाजलो तर पलीकडच्या कोंबड्या अंडं घालता घालता थांबत. एकदा तर पाण्यानं भरलेला ढग माझ्या धाकानं मागे फिरला होता. नका ठेवू विश्वास, पण त्या दिवशी कोरडे राहिलेले लोक अजून आहेत.

एका तांबटानं मला ठोकून घडवलं आणि होडीवाल्याला दिलं. तीस वर्षं त्यानं मला फुंकलं. मग पूल झाला, होडी काठाला लागली आणि तो मला पिशवीत घालून इथे घेऊन आला. इथे म्हणजे दोन खोल्यांच्या संग्रहालयात. सांभाळायला एक निवृत्त मास्तर. त्यांनी माझा फोटो काढला आणि म्हणाले, "जाता जाता एकदा वाजवा की!" होडीवाल्यानं छाती भरून फुंकलं. तो आवाज कॉम्प्युटरमध्ये साठवला गेला, आणि खिडकीची एक काच कायमची गेली.

नोंदींच्या बाबतीत मास्तरांचा नियम एकच. आपण विसरू, तेवढंच लिहायचं. "हा भोंगा आहे हे काय मी विसरणार आहे?" म्हणत त्यांनी 'वस्तू' या रकान्यात लिहिलं : खालचा कप्पा, डावीकडे.

पुढे कपाट हललं. मास्तरांचं वय झालं. ते विसरले.

आता आसपासच्या अकरा छोट्या संग्रहालयांनी ठरवलंय, सगळ्यांच्या नोंदींचे रकाने सारखे करायचे : वस्तू काय, कशाची, कोणी वापरली, कोणी दिली. म्हणजे कुणीही घरबसल्या शोधावं आणि त्याला सापडावं. त्यासाठी एक ताई रोज येते. आमच्या नोंदी वाचून तिनं डोकं धरलंय.

"सर, इथे 'वस्तू'मध्ये 'नेहमीचंच' असं लिहिलंय!"

"मग नेहमीचंच असेल."

काल ताई गेल्यावर फोन आला. मास्तरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे पलीकडचं बोलणं कपाटातसुद्धा कळतं. होडीवाल्याची मुलगी होती.

"काका, बाबांना आता दिसत नाही. भोंगा ऐकव, एवढाच धोशा लावलाय. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. मी भोंगा शोधला, होडी शोधली, तुमच्या यादीत काहीच येत नाही."

मास्तरांनी यादी पाहिली, दोनदा पाहिली. "नाही गं बाळ. भोंगा असता तर मी लिहिला नसता का?"

मी चार हातांवर होतो. नदीपल्याड ऐकू जाणारा मी! पण फुंकणारं कुणी नसलं की भोंगा म्हणजे नुसती वाकडी नळी.

ताई आज दोनशे तिसाव्या नोंदीवर आहे. मी तीनशे अठ्ठ्याऐंशीवा. दिवसाला वीस उरकतात. पुढचं गणित तुम्हीच करा, मला करवत नाही.

ताई, एवढा एकदा क्रम मोड. माझ्या फोटोखाली एक आवाज ठेवलाय, त्यावर बोट दाब. उरलेल्या काचा गेल्या तर जाऊ देत. रकान्यात 'भोंगा' नंतर लिहिलंस तरी चालेल.

आधी फोन लाव. म्हातारा कान देऊन बसलाय.