डाव्या कानामागचे केस

सोळा दिवसांनी, भर दुपारी, घरगाडीचे दार उघडले. आधी फिटरकाका आत आले. त्यांच्या डोक्याची उजवी बाजू बारीक कापलेली होती आणि डावीकडचे केस कानावर आले होते. त्यांच्यामागून त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या बाई, येतील म्हणून मी वाट पाहिली. आली ती त्यांची मुलगी. तिने बाईंच्या चपला उचलल्या, कागदात गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवल्या. तेव्हा मला कळले की बाई आता येणार नाहीत.

मित्रांनो, मी त्या घरगाडीतला, म्हणजे चाकांवरच्या घरातला, इन्व्हर्टर आहे. आता जुना झालो आहे. पलंगाखालच्या खणात, बॅटरीशेजारी माझी जागा. जिथे विजेचा खांब नाही अशा ठिकाणी गाडी थांबली की छपरावरचे सोलर पॅनेल बॅटरी भरते. पण बॅटरीतली वीज बारा व्होल्टची, घरातली उपकरणे तिच्यावर चालत नाहीत. मी तिची घरच्यासारखी वीज करून देतो. मग फोन, कॅमेरा, सगळे चार्ज होते.

मी एका मोठ्या कारखान्यात तयार झालो. तिथले मला फारसे आठवत नाही. खरा जन्म झाला तो फिटरकाकांच्या हातून. ते पाणीपुरवठा खात्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी जाड तारा घेऊन मला बसवले, दोनदा नट आवळले आणि ऐटीत विजेची किटली लावली. मी किंचाळलो आणि बंद पडलो.

बाई हसून म्हणाल्या, "अहो, त्याचा जीव केवढा, तुमची किटली केवढी!"

बाईंनी शाळेच्या कार्यालयात तीस वर्षे वेळापत्रके केली होती. त्यांनी माझेही केले आणि खणाच्या दारावर चिकटवले. सकाळी काकांचा फोन, मग बाईंचा, दुपारी कॅमेरा. दर दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी केस कापायचे मशीन. खाली ठळक अक्षरांत, "एका वेळी एकच." काकांचे केस बाईच कापत. तळ्याकाठी घडीची खुर्ची टाकायची, गळ्यात जुनी चादर बांधायची आणि मान खाली घालायची. पाण्याच्या मुख्य नळांवर हुकूम चालवलेला माणूस तेवढा वेळ गप्प बसे.

शेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांतले लोक फोन चार्ज करून नेत आणि माझे कौतुक करत. काका त्यांना सांगत की हा आमचा धाकटा, खातो कमी आणि कामाला वाघ. माझ्या पंख्यात धूळ अडकली की बाई जुन्या टूथब्रशने साफ करत.

पण माझी एक खोड आहे. मला काही लावलेले नसले तरी, बटण चालू असेल तर मी बॅटरीतली वीज थोडी थोडी खातच राहतो. म्हणून काम झाले की मला बंद करावे लागते. बाई याला झोपवणे म्हणत. "अहो, त्याला झोपवलं का?" हा त्यांचा रोजचा शेवटचा प्रश्न असे. काका "हो" म्हणत आणि विसरत. मग बाई उठून बटण दाबत.

त्या शनिवारी बाई दमून, मशीन लावायचे सोडून, लवकर आडव्या झाल्या. त्यांनी विचारले नाही आणि काकांना आठवले नाही. मी रात्रभर रिकामाच चालू राहिलो. सकाळी ढग होते. बॅटरी तळाला गेली होती, त्यामुळे सकाळी लावलेले मशीन जेमतेम चार्ज झाले. उजवी बाजू झाली, मान झाली, आणि डाव्या कानाशी ते घुरघुरत थांबले.

"अर्धेच झालात," बाई म्हणाल्या. "आता माणसांत जाऊ नका. उरलेलं उद्या, ऊन पडलं की."

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. चादरीची घडी उलगडताना बाईंच्या छातीत कळ आली. काकांनी त्यांना पुढच्या सीटवर बसवले आणि गाडी थेट दवाखान्यात नेली. तेव्हा बंद झालेले दार सोळा दिवसांनी उघडले.

मुलगी चपला भरून झाल्यावर तिथेच पलंगावर टेकली. ती हळूच म्हणाली, "बाबा, आज तरी सलूनमध्ये जाऊन या. लोक बघतात."

"बघू देत. ती उद्या म्हणाली होती."

"मग मी कापू का?"

काकांनी वेळापत्रकाकडे पाहिले. मग वाकून त्यांनी खण उघडला आणि मला म्हणाले, "तुझी चूक नव्हती रे. विसरलो मी होतो." त्यांनी टूथब्रशने माझ्या पंख्यातली धूळ काढली, बटण दाबले आणि मशीन लावले. दुसरे काहीही लावले नाही. दोघे दारात बसून राहिले. बोलणे झाले ते बाईंच्या हसण्याबद्दल.

मित्रांनो, काम झाले की माझ्यासारख्यांना आठवणीने बंद करत जा. आणि तुमच्या घरी ती आठवण रोज कोण ठेवते, तेही एकदा बघा. एखादा दिवस ते काम तुम्ही करा.

मशीनचा हिरवा दिवा लागला. काकांनी "उद्या" म्हणत ते काढून बाईंच्या खणात ठेवले. मुलीने काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच माझे बटण बंद केले आणि म्हणाले, "झोपवला गं."

मशीन पूर्ण भरलेले आहे. डाव्या कानामागचे केस अजून कापायचे राहिले आहेत.