तात्यांच्या मांडीवरचा पाट

माझे वडील आयुष्यभर एकच खोटं बोलत आले, आणि तेही अगदी साधं: "जागा भरपूर आसा."

तात्या गिरणीत कामाला, उंची सहा फूट दोन इंच. नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली बांधणाऱ्याने असला माणूस बहुतेक पाहिला नसावा. एक खोली, तिच्यातच मोरी, वर माळा आणि खाली सात माणसं. तात्या दारातून येताना वाकायचे, माळ्याखालून जाताना वाकायचे, मोरीत आंघोळ तर जवळजवळ घडी घालूनच करायचे. झोपायला त्यांना खोलीत एकच जागा पुरायची, दारापासून कपाटापर्यंत तिरपी. मी दहावीला होतो त्या वर्षी दुधीच्या वेलासारखा वाढलो. एका सकाळी आईने पाहिलं, तर माझे पाय स्टोव्हखाली. त्या दिवशी तात्यांनी आपली वळकटी उचलली आणि बाहेर पॅसेजमध्ये टाकली. "तू पसर आत. भायर माका जागा भरपूर आसा." बाहेर सगळा मजला त्यांच्या पायांवरून उड्या मारत संडासला जायचा. हे मला तेव्हा रोज दिसत होतं आणि कळत नव्हतं. कळायला पंचेचाळिशी गाठावी लागली आणि एक गाडी घ्यावी लागली.

मी हितेंद्र. उंची सहा तीन, डोकं तापट, नोकरी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझरची. चाळ पाडायला घेतली तसे आम्ही चौघं, म्हणजे तात्या, आई, मी आणि बायको किर्ती, भोईवाड्यात भाड्याच्या घरात आलो. इमारतीला लिफ्ट आहे, छत उंच आहे. तात्या मात्र दारातून आत येताना अजून वाकतात. नाही वाकलात तरी चालेल, असं मी शंभरदा सांगून झालंय.

इथे आल्यावर दोन महिन्यांत तात्या पडले. डाव्या गुडघ्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली आणि गुडघा अर्ध्यावर वाकायचा थांबला. चालतात, पण गल्लीच्या तोंडापर्यंत. त्यापुढे टॅक्सी.

आणि या टॅक्सीनेच घात केला. आमच्या घरी एक रीत आहे. नागपंचमीला गणपतीचा पाट लालबागला भिवाच्या कारखान्यात द्यायचा. भिवा मूर्तिकार, त्याचे वडीलही आमच्याच पाटावर मूर्ती बसवून द्यायचे. ज्या हातांनी पाट जातो त्याच हातांनी बाप्पा घरी यायचा, हा नियम. ते हात गेली एकेचाळीस वर्षं तात्यांचे होते. लालबाग ते नायगाव ते मूर्ती हातात घेऊन चालत यायचे आणि गर्दीत बाप्पाचा मुकुट सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसायचा. आई म्हणायची, आपलो गणपती मोठो नाय, पण उंच आसा.

गेल्या वर्षी तात्या मूर्ती मांडीवर घेऊन टॅक्सीत बसले. म्हणजे कोंबले गेले. डावा पाय पुढच्या सीटखाली जाईना, म्हणून आडवे बसले. गुडघे छातीशी, मांडी उतरणीला, आणि मुकुट टपाला टेकतोय म्हणून मूर्ती कलती धरलेली. "तात्या, जमतंय ना?" मी पुढून विचारलं. "जागा भरपूर आसा," ते म्हणाले. परळच्या पुलाखाली टॅक्सी खड्ड्यात गेली आणि मुकुटाच्या टोकाचा टवका उडाला.

भिवाने घरी येऊन अर्ध्या तासात ते नीट केलं, पूजा यथासांग झाली. तात्या मात्र दीड दिवस आरतीला मागे उभे राहिले. विसर्जन झाल्यावर त्यांनी पाट धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "पुढल्या वर्षी तू घेवन जा. माझे हात आता उपेगाचे नाय."

हात शाबूत होते हो त्यांचे! जागा नव्हती एवढंच. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यानंतर ते गल्लीच्या तोंडापर्यंतही जाईनासे झाले. खिडकीपाशी बसायचे, आणि बसतानाही खुर्ची भिंतीला लावून, कुणाच्या वाटेत यायला नको म्हणून. मी मनाशी ठरवलं, यंदाच्या नागपंचमीला पाट तात्याच नेणार, आणि टपाला न टेकता नेणार.

म्हणजे गाडी घेणं आलं. आमच्या इमारतीतली पार्किंगची जागा टीचभर, त्यात मोठी गाडी शिरणार नाही. लहान एसयूव्हीच हवी, बाहेरून आखूड आणि आतून ऐसपैस. लग्नाला अशीच मुलगी शोधतात, सडपातळ पण घर सांभाळणारी, असं मी म्हणालो आणि किर्तीने माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून पुढचे दोन दिवस मी उपमा दिली नाही. मी धंद्याने मापाचा माणूस. पाच कंपन्यांची माहितीपत्रकं आणली, डोक्यावरची जागा, पायापुढची जागा, सगळं मिलिमीटरमध्ये लिहून काढलं. तीन गाड्या उरल्या, तिन्ही एकाच कंपनीच्या. त्यांतल्या पांढरीवर माझा जीव जडला. परळच्या शोरूममध्ये जाऊन तिच्या चालकाच्या सीटवर बसलो, डोक्यावर चार बोटं जागा! जन्मात पहिल्यांदा कुठल्या गाडीत मी मान ताठ ठेवून बसलो होतो.

पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन गेलो. तिथली अक्षदा नावाची सेल्सवाली पाच फुटांची, चटपटीत. तात्यांना पाहून म्हणाली, "आजोबा, तुम्ही पुढे बसा ना, आरामात." मी मूर्तीचं सांगितलं. तिने लगेच मान हलवली. "मग पुढे नकोच सर. एअरबॅग असते. मांडीवर काही घेऊन पुढे बसायचं नाही. मागे डावीकडे बसवा."

तात्या मागे डावीकडे बसले. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"जागा भरपूर आसा."

दुसऱ्या गाडीत बसवलं, निळ्या. "जागा भरपूर आसा." तिसऱ्या, तांबड्या. तेच. मी खूश! तिन्ही गाड्या पास म्हटल्यावर माझी आवडती पांढरी पक्की. अक्षदाने फॉर्म काढला आणि मी पेन मागितलं.

"थांब," आई म्हणाली.

आमची आई अंबिका, चणीने लहान, आणि बोलते कमी. ती सकाळपासून एक कापडी पिशवी काखोटीला मारून फिरत होती. मला वाटलं, डबा असेल. तिने पिशवीतून गणपतीचा पाट काढला. मागोमाग तांब्या. शोरूममधल्या कूलरवर जाऊन तांब्या काठोकाठ भरून आणला आणि अक्षदाला म्हणाली, "पोरी, सीटवर कायतरी पसर. सांडात."

"आई, हे काय चाललंय?" मी कावलो. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली होती.

"तू तुझ्या जाग्यावर बस. चालवताना बसतस तसो. किर्ती, तू बाजूक."

मी पांढऱ्या गाडीत बसलो आणि सीट मागे सरकवली. मघाशी तात्यांना मागे बसवलं तेव्हा पुढे कुणी बसलंच नव्हतं. रिकाम्या गाडीत, रिकाम्या मांडीने बसवून मी त्यांना विचारलं होतं. माहितीपत्रकातही तसंच मोजतात बहुतेक. लिफ्टमध्ये दार बंद करून माप घ्यायचं असतं हे मी पोरांना रोज शिकवतो, आणि इथे उघड्या दाराचं माप घेऊन फॉर्म भरायला निघालो होतो! किर्तीने तिच्या सीटला हात लावला नाही, ती होती तशीच राहिली. तिच्या मागे तात्या बसले, आईने त्यांच्या मांडीवर पाट ठेवला, पाटावर तांब्या. सीट बुटकी होती. तात्यांचे गुडघे वर आले, मांडी उतरणीला लागली, आणि तांब्यातलं पाणी सरळ त्यांच्या पोटावर.

"कसा वाटता?" आईने विचारलं.

पोटावरून पाणी ओघळत असताना तात्या म्हणाले, "जागा भरपूर..."

"खोटा बोलू नका!" आई एवढी कडाडली की अक्षदाच्या हातातलं पेन पडलं. "पन्नास वर्सां आयकतंय. गिरणीत जागा भरपूर, पॅसेजात जागा भरपूर, हास्पिटलच्या खाटेवर पाय भायर लोंबकळतत तरी जागा भरपूर. माणूस खोटा बोलात, पाणी बोलूचा नाय."

 तात्या ओल्या सदऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मगे काय सांगू? मी पसारलंय तर पोरांनी खंय जावचा?"

मी आरशात बघत होतो. आरशात मला त्यांचे गुडघे दिसत होते, हनुवटीशी आलेले. आणि एकदम पॅसेजमधले पाय आठवले. मी तिरपा पसरून झोपायचो ती जागा त्यांची होती. त्या जागेवर झोपून मी सहा तीन झालो, डिप्लोमा केला, ही गाडी घेण्याइतका झालो. एकदाही थँक्यू म्हणालो नाही, उलट चारचौघांत लोक बापाच्या पायांवरून उडी मारतात म्हणून मित्रांना घरी आणायला लाजायचो. मघाशी आईवर निघालेला राग आता माझ्यावरच उलटला. माझा राग असाच असतो, आधी दुसऱ्यावर निघतो आणि मग पत्ता शोधत घरी येतो.

"निळी काढा," मी अक्षदाला म्हणालो.

निळीत मांडी सपाट झाली, पण छत मागे उतरतं होतं. आमची मूर्ती सव्वा फुटाची. आईने पाटावर हात ठेवून दोन विती मोजल्या आणि दुसऱ्या वितीचं बोट टपाला लागलं. "मुकुट टेकात," ती म्हणाली. निळी गेली.

तांबडी दिसायला डब्यासारखी चौकोनी. तिला पाहून मी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं. पण तिच्या सीटा उंच होत्या. तात्या आधी टेकले, मग डावा पाय आत घेतला, आणि तो पुढच्या सीटखाली सरळ गेला. अक्षदाने पुन्हा तांब्या भरून आणला; तिला आता आमच्यापेक्षा जास्त उत्सुकता. पाट मांडीवर बसला. तांब्या पाटावर बसला. आईने दोन विती मोजल्या आणि वर मूठ घातली, मूठभर जागा उरली. अक्षदा म्हणाली, "सर, जरा चालवून बघा, मी खड्डे दाखवते." ती आम्हाला शिवडीच्या बाजूला घेऊन गेली. तिथे खड्डे मुबलक. परत आलो तेव्हा तात्यांच्या पँटवर फक्त चार थेंब होते.

"कसा?" आईने विचारलं.

तात्यांनी थोडा वेळ विचार केला. खरं बोलायची सवय नव्हती ना. "बरी आसा," ते म्हणाले. आमच्या घरात एवढी मोठी तारीफ आजवर फक्त किर्तीच्या बांगड्याच्या तिखल्याची झालीय.

नागपंचमीला पाट तात्याच घेऊन गेले. भिवाने कारखान्यातून बाहेर येऊन गाडीचं दार उघडलं, त्यांच्या हातून पाट घेतला आणि कपाळाला लावला. "येताय ना न्यायला?" एवढंच त्याने विचारलं. तात्यांनी मान हलवली.

आणि चतुर्थीच्या आदल्या सकाळी आम्ही बाप्पाला आणायला गेलो. तात्या धुवट सदरा आणि टोपी घालून मागे डावीकडे बसले. भिवाने मूर्ती त्यांच्या मांडीवर ठेवली, तोंडावर रुमाल. आई माझ्या मागे, किर्ती माझ्या बाजूला. लालबागचा रस्ता ढोलताशांनी आणि माणसांनी भरलेला, गाडी मुंगीच्या पावलाने. मी आरशात सारखा मुकुट बघत होतो. मुकुट सरळ होता, टपापासून मूठभर खाली. परळच्या पुलाखाली तोच खड्डा आला. मी पहिल्या गिअरवर सावकाश गाडी त्यातून काढली. काही झालं नाही.

सिग्नलला थांबलो तेव्हा मागून तात्यांचा आवाज आला.

"किर्ती, तुझी सीट जरा पुढे घेतस गो? माका पाय लांब करूचे आसत."

मी आईकडे वळून पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. आम्ही दोघांनी त्या माणसाच्या तोंडून आजवर पाण्याचा पेलासुद्धा मागितलेला ऐकला नव्हता.

किर्तीने खालची दांडी ओढली आणि सीट पुढे घेतली. मग आणखी पुढे. तिचे गुडघे समोरच्या खणाला टेकले आणि पर्स ठेवायला जागा नाही म्हणून ती तिने पोटाशी धरली. मागे तात्यांनी आधी उजवा पाय लांब केला, मग डावा, अगदी सावकाश, आणि मोठा उसासा टाकला.

"तुका बसाक होता ना गो नीट?" त्यांनी विचारलं.

"हो तात्या," किर्ती म्हणाली. "जागा भरपूर आहे."