रूडो गेल्यावरची बढती

रूडोची नि माझी ओळख एका घोटाळ्यातून झाली. मी विद्यापीठात नवी होते. जिन्यात एका प्राध्यापकांनी मला थांबवलं आणि लहान मुलांच्या दम्यावरच्या माझ्या लेखाचं तोंडभर कौतुक केलं. मी दम्यावर एक ओळही लिहिली नव्हती; मी नद्यांच्या तळचा गाळ तपासते. तो लेख कुणाचा ते शोधत शोधत समोरच्या इमारतीत गेले. दारावर पाटी होती, रूडो चिकोवोरे. आत माझ्यासारखीच काळी, माझ्याहून वीतभर उंच बाई बसली होती.

"तू अराबा ना?" ती म्हणाली. "गाळावर छान काम करतेस म्हणे. परवाच एकांनी माझं अभिनंदन केलं."

यॉर्कशरमधल्या त्या दोन इमारतींत संशोधन करणाऱ्या काळ्या बाया आम्ही दोघीच. दर गुरुवारी तिच्या खोलीत डबा खायचो. माझ्या जोलोफला ती 'घानावाल्यांचा लाल भात' म्हणून नाक मुरडायची आणि अर्धा डबा फस्त करायची. बैठकीत माझा मुद्दा कुणी आपला म्हणून मांडला, की मी गप्प बसून गुरुवारची वाट बघायचे. ते मला एवढं का लागलं, हे तिला समजावून सांगावं लागायचं नाही.

व्याख्याता म्हणून माझी बरीच वर्षं गेली होती. रीडरच्या, म्हणजे वरच्या पदासाठी अर्ज कर, म्हणून रूडो हात धुऊन मागे लागली. शेवटी मी मसुदा लिहिला. तिने तो वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"सगळीकडे 'आम्ही' लिहिलंयस. आम्ही नमुने गोळा केले, आम्ही पद्धत शोधली. आम्ही म्हणजे कोण गं? तू आणि नदी?"

"सारखं 'मी मी' लिहायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. आईने तसं वळण लावलं नाही."

"तुझी आई बढतीच्या समितीवर आहे का? नाही ना? मग 'मी' लिही."

त्याच वसंतात तिचं कंत्राट संपलं. ज्या अनुदानावर तिचा पगार निघायचा, ते पुढे मिळालं नाही. विभागाने केक कापला, प्रमुखांनी वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि ती दूर रेडिंग शहरात एका औषध कंपनीत निघून गेली. तिची खोकी मीच गाडीत चढवून दिली.

समितीपुढे जायच्या आधी मी आरशासमोर एकटीच सराव केला. बढती मिळाली. एक सहकारी हात हातात घेऊन म्हणाला, "विद्यापीठाला अशा चेहऱ्यांची गरज होतीच." मी आभार मानले. आईला फोन केला.

"म्हणजे आता नोकरी पक्की?"

"ती पक्कीच होती, आई."

"मग नवीन काय झालं?"

मग रूडोला फोन लावला.

"छान झालं," ती म्हणाली. "खरंच छान झालं, अराबा. पण आज मला बोलवत नाहीये. राग मानू नकोस."

"नाही मानत," मी म्हटलं. राग नव्हताच. पण त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

नंतर ती फोन उचलेना. एका शनिवारी मी न कळवता रेडिंगला गेले. डोक्याला फडकं बांधलेल्या रूडोने दार उघडलं.

"फोन करून यायची पद्धत असते."

"उचलायचीही असते."

तिने तिच्या देशातला साद्झा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, शिजवायला घेतला. मी पालेभाजी चिरायला बसले. पातेल्यातलं घट्ट पीठ घोटता घोटता, माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "पगार चांगला आहे. माणसं बरी आहेत. पण रस्त्यात एखादं मूल खोकलं, की माझा पाय अजून निघत नाही."

तिने गॅस बारीक केला आणि समोर येऊन बसली.

"समितीने काय काय विचारलं ते सांग. सगळं सांग, काही गाळू नकोस."

मी सांगितलं. हसण्यासारखं आलं तिथे ती हसली. संध्याकाळच्या गाडीने मी परत आले.

आता रविवारी आमचं फोनवर बोलणं होतं. रूडोच्या जुन्या खोलीत छपाईची यंत्रं ठेवली आहेत. बैठक संपली, की सगळे घोळक्याने कॉफीला जातात. मलाही बोलावतात, कधी मी जातेही. बहुतेक वेळा मात्र कोट चढवते आणि बसची वाट बघत उभी राहते.