अठरा सेंटिमीटर

मी बोलतेय, बाईंच्या शिवणयंत्राशेजारी खिळ्यावर लटकलेली मापाची टेप. दीडशे सेंटिमीटर लांब, पहिले तीन आकडे बाईंच्या अंगठ्याने पुसलेले. सत्तावीस वर्षांत गल्लीतल्या शेकडो कमरा मोजल्या. कुणाची वाढली ते कधी बाहेर बोलले नाही. एक माप मात्र मनातून जात नाही. आज ते सांगते.

बाईंचा एक नियम होता. शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडल्याशिवाय कात्री लावायची नाही. "अंग काही फळीसारखं सपाट नसतं," असं त्या शिकायला येणाऱ्या मुलींना सांगत.

त्यांची लेक चिमी शिकायला परदेशी गेली, त्या आठवड्यात बाईंनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला. माझं पत्र्याचं टोक आपल्या शहरावर दाबलं आणि मला चिमीच्या शहरापर्यंत ताणलं.

"पायजम्याचं माप घेतेस की पृथ्वीचं?" यजमानांनी खुर्चीतून विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो. अठरा सेंटिमीटर." नकाशाखालचं प्रमाण पाहून त्यांनी गुणाकार केला. सात हजार दोनशे किलोमीटर. विमान तासाला नऊशे जातं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "अहो, आठ तास. नणंदेकडे बसने जायला एवढाच वेळ लागतो."

"मग खिडकीतून हाक मारली तरी येईल," यजमान म्हणाले. दोघं हसले. घरावरचं ओझं उतरलं आणि मी मनातून फुगले.

दोन वर्षांनी यजमानांच्या हृदयाने दगा दिला. सोमवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. कपडे न्यायला बाई घरी आल्या, सोबत त्यांचे दीर होते.

"वहिनी, चिमीला आत्ताच फोन करा."

"उद्या तिचा शेवटचा पेपर आहे, भाऊजी. तो होऊ दे. आठ तासांत तर येईल." तरी खात्रीसाठी त्यांनी मला पुन्हा नकाशावर धरलं. मी पुन्हा अठराच सांगितले.

मंगळवारी पेपर सुटल्यावर फोन झाला. चिमी रडत म्हणाली, "आई, सरळ विमान नाहीये गं. मध्ये नऊ तास थांबायचंय. घरी पोचायला सव्वीस तास लागतील."

घाईत मी बाईंच्या गळ्यातच इस्पितळात गेले होते. तिथे यजमान डोळे उघडून विचारत, "आली का?" बाई म्हणत, "निघालीय." एकोणिसाव्या तासाला विचारणं थांबलं.

"सोमवारीच का नाही सांगितलंस?" बाबा गेल्यावर घरी पोचलेल्या चिमीने विचारलं. बाईंनी काही लपवलं नाही. "मोजून पाहिलं होतं गं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. चिमीने मला उचललं, गुंडाळलं आणि खिळ्यावर अडकवून दिलं. फेकलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी खोटं बोलले नव्हते. पण तेवढ्याने सुटका होत नाही. मी कागद मोजला. विमानतळावरची रांग, मधला थांबा, न मिळणारं तिकीट यातलं काहीच माझ्या अंगावर छापलेलं नाही. उभा जन्म बाईंनी परक्यांच्या झंपरांत दोन बोटं जादा सोडली, आणि स्वतःच्या घरच्या मापात सोडायला विसरल्या. मी गळ्यातच होते. तुमचं माणूस लांब असेल तर माझ्यासारखीला विचारू नका.

आता बाईंच्या गळ्यात नवी टेप आहे. काल त्यांनी फोन लावला.

"चिमे, मला जरा सर्दी झालीय."

"आई, सर्दीच ना?"

"सर्दीच. पण तुला यायला सव्वीस तास लागतात."