पाय कोनाचे?

कॅमेऱ्याला माणसाचे पाय दिसले नाहीत, तर एआय स्वतःच्या मनाने त्याला पाय लावून देतो. विचारत नाही, सांगत नाही. लावले आणि मोकळा झाला. हे मला कोणत्या क्लासमध्ये कळलं नाही, शालीकमामाच्या अंगणात कळलं. एरवी मी त्या मशीनला दिवसभर शिव्या घालत असते. त्या दिवशी मात्र मी नुसती बघत राहिले.

मी दामिनी. गोंदियात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. नवरीच्या मागे चंद्र लावायचा, रुसलेल्या आत्याला फ्रेममधून कापायचं, ही आमची कला. ते आटोपलं की त्याच कॉम्प्युटरवर गेम इंजिन उघडते. पोरं ज्यात बंदुकांचे गेम बनवतात, त्यातच घर मांडायचं, झाड लावायचं, ऊन पाडायचं, मधे एक बाहुली उभी करायची आणि तिच्याभोवती कॅमेरा फिरवून सिनेमा काढायचा. आई म्हणते, "एवढी घोडी झाली, अजून गेमच खेळून राहिली का वं?" मी समजावणं सोडून दिलं आहे.

आता मामाचं सांगते. शालीकमामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. तिरोड्याच्या पुढे बोरटोल्याला त्याचं घर. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की दंडार आलीच. ढोलकी, टाळ, रांगेत नाच, मधे सोंगं. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेतात, आणि बोरटोल्यात ते सोंग म्हणजे शालीकमामा. हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर घागर घेऊन तो धानाच्या शेतातल्या ओल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालायचा. म्हणजे धुरा नसायचाच, कोरडी जमीन असायची. पण त्याचं पाऊल असं निसटायचं, कंबर अशी सावरायची, की बघणाऱ्याला बांधीतला चिखल दिसायचा. घागर कधी पडली नाही. शेजारच्या गावांतून लोक ती एक चाल बघायला येत.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं फेरताना मामा खाली पडला. कंबरेखालचं सगळं गेलं. हात धड, मान धड, जीभ तर पहिल्यापेक्षा तिखट, पण पायांत जीव नाही. तेव्हापासून तो खुर्चीत बसला तो अंगणाच्या पलीकडे गेला नाही. मागच्या मंडईला ढोलकीचा आवाज घरापर्यंत येत होता, तेव्हा त्याने मामीला दार लावायला सांगितलं.

मामा आमचा असा. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, ती रीत आहे. मी लहान होते तेव्हाही तो वाकायचा आणि मुद्दाम पायाला गुदगुल्या करायचा. आता खुर्चीतून वाकता येत नाही. मी गेले की हात नुसता खाली सोडतो, तो माझ्या गुडघ्यापर्यंतही पोचत नाही, आणि म्हणतो, "राहिलं तुहं हेही." मला ते ऐकवत नाही.

म्हणून यंदा मीच म्हटलं, "मामा, तुला मंडईत नाचवते. पडद्यावर."

"कामापुरता मामा केला का मले? तुह्या सिनेमासाठी?"

"तसंच समज."

मग बोलला तो अगदी सरळ. "पाह्यणाऱ्यानं म्हटलं पायजे, हा शालीकच होय. हे जमत असन तं मी येतो मंडईत. आन लोक हसले, तं मी याच्यानंतर अंगणातही बसनार नाई. समजलं?"

समजलं. मंडईच्या कमिटीतले केवळराम यांच्याकडून दंडारीच्या आधीची वेळ मी मागून घेतली होती. आता मागे कुठं फिरणार.

पहिलं काम बोरटोला उभा करायचं. कंटाळा केला आणि एआयला सांगितलं, भारतातलं गाव दे, मागे तलाव दे. त्याने वाळू दिली आणि उंट दिला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मला त्या दिवशी भेटला. शेवटी मीच मामाच्या गल्लीचे फोटो काढून एकेक घर हाताने बसवलं, तलावाची पाळ बसवली, धानाच्या बांध्या केल्या.

मग मामाचा नाच. मामा खुर्चीत, मांडीवर हिरवं लुगडं पसरलेलं, समोर तिपाईवर फोन. मंदामामी पायरीवर बसून टाळ वाजवत होती. मामाने डोक्यावर नसलेली घागर धरली आणि कंबरेच्या वरचा सगळा माणूस नाचायला लागला. मी व्हिडिओ लॅपटॉपमध्ये टाकला. एआय असा व्हिडिओ बघून माणसाच्या हालचालीचा सांगाडा काढतो आणि तो सांगाडा माझ्या बाहुलीत घालता येतो.

लुगड्याखालचे पाय त्याला दिसलेच नव्हते. पडद्यावर हिरव्या लुगड्यातली बाहुली उभी राहिली आणि चालायला लागली.

मामीचे टाळ थांबले. मामा पुढे झुकला.

"पुन्हा दाखव."

मी पुन्हा दाखवलं. त्याचे हात, त्याची मान, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची त्याची लकब, आणि खाली दोन पाय, ठणठणीत. मामाने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला होता, ते मला दिसलं. मला वाटलं, जिंकलो.

"हे पाय कोनाचे व्हय?" मामा म्हणाला.

"म्हणजे?"

"माहे नाई. हा कोनी बुटवाला हाये. टाच आधी टेकवून राहिला. चिखलात टाच आधी टेकवली तं बुडन ना थो." त्याने मान फिरवली. "कोन्या परदेशी मानसाचे पाय लावले तू मले. नको."

मला राग आला, पण म्हातारा बरोबर होता. एआयने कुठं कुठं हजारो माणसं चालताना बघितली असतील, त्यांचं मिळून एक चालणं त्याने मामाला लावलं होतं. धानाच्या धुऱ्यावरची बाई त्याने कशाला बघितली असेल?

मग पायांसाठी मीच उभी राहिले. मामाचे जुने नाच डोळ्यांपुढे आणले, लुगडं गुंडाळलं, चालले. मामा म्हणाला, बदक. मी म्हटलं, अंगणात खडे आहेत. तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मी अजून दोनदा चालले. बदकच.

मामी धान कापून आली ती तशीच टाळ घेऊन बसली होती. पायांवर चिखल वाळला होता. तिने टाळ पायरीवर ठेवले, पदर कंबरेला खोचला आणि म्हणाली, "सरक वं बाजूले. तोंड नको घेजो माहं. पायच घे."

मी फोन खाली केला. मामा हात वर करून घागर धरून बसला आणि मामी चालायला लागली.

आधी चवडा. चवड्याने जमीन चाचपली. मग थोडं वजन, मग पाऊल निसटलं, आणि निसटतानाच दुसरं पाऊल आडवं येऊन थांबलं. मला चिखल दिसला. कोरड्या अंगणात, दिवसाढवळ्या.

तरी मशीनने घोळ घातलाच. मामीचं पाऊल जिथं निसटलं, तिथं पडद्यावर ते घट्ट चिकटून होतं. शोधलं तर कळलं, घसरणारं पाऊल म्हणजे चूक असं समजून एआय ती आपोआप दुरुस्त करतो. अख्ख्या दंडारीचा जीव ज्या निसटण्यात, तेच त्याने साफ करून टाकलं होतं. मी ती दुरुस्ती बंद केली. मग कंबरेच्या वर मामा घातला, कंबरेच्या खाली मामी.

दोन माणसांचे असे तुकडे जोडले की कधी जमत नाही, हे या धंद्यातलं कोणीही सांगेल. हात पुढे जातात, पाय मागे राहतात, तासन्‌तास ओढाताण करावी लागते. इथं मी काही केलं नाही. पाऊल निसटलं त्याच क्षणी वरची कंबर सावरली, हात घागरीकडे गेला. जणू एकाच अंगातले. मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलं. चूक सापडत नव्हती, आणि तेच मला कळत नव्हतं.

"मामी, असं कसं जमलं? तू दंडारीत कधी नाचली का?"

"बाईले कोन नाचू देते दंडारीत?"

"मग?"

मामी हंड्यातलं पाणी घेऊन पाय धुवायला लागली. बोलणं मात्र थांबवलं नाही. "माहं नवीन लगन झालं होतं. याले पयल्यांदा बाईचं सोंग देलं. लुगडं नेसला आन बैलावानी चालला. सारे हासले. घरी येऊन जेवला नाई. मंग मी म्हटलं, माह्या मांगं मांगं चाल. परसात शिकवलं. नवीन गानं आलं का पयले मी चालाची, मंग हा. मंडईत हा नाचे, आन मी बायांत बसून माहेच पाय पाहत राहो. लोक म्हनत, वा रे शालीक."

मी मामाकडे बघितलं. तो लुगड्याची घडी घालत होता. एवढ्या वर्षांत हे त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं. मला त्याचा संताप आला आणि त्याची कीवही आली.

"मामी, मी शेवटी नावं टाकते ना, तिथं तुझंही टाकते," मी म्हटलं.

"नको. तू कायले लिहिते? ज्याले सांगाचं हाये थ्यानं सांगावं."

मामाने ऐकलं. घडी घालून झाली तरी तो लुगड्यावरून हात फिरवत राहिला. मी नाव टाकलं नाही. पडद्यावर फक्त शालीकराम राहिला, आणि मंडईपर्यंत मला त्याचंच टेन्शन होतं. सिनेमा चांगला झाला होता. लोक हसणार नाहीत हे मला माहीत होतं. मामा सांगेल का, हेच माहीत नव्हतं. लोकांनी त्याला शालीक म्हणून ओळखलं, की त्याला हवं ते सगळं त्याला मिळालं. मग तो कशाला सांगेल?

मंडईच्या दिवशी मामाला खुर्चीसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलं. दिवेलागण झाली, पाळण्यांचा गोंगाट केवळरामांनी थांबवला, शाळेच्या भिंतीला बांधलेल्या पडद्यावर आमचं गाव उजळलं. आपापली घरं ओळखू आली तसे लोक बोटं दाखवायला लागले. मग पाळीवरून हिरवं लुगडं आलं. पाऊल निसटलं, घागर सावरली, आणि सगळी मंडई चूप झाली.

मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "शालीकच होय बापा." मग दुसरा म्हणाला. मग सगळीकडून तेच. मामाचे डोळे भरून वाहत होते आणि तो ते पुसतही नव्हता.

सिनेमा संपला. केवळरामांनी माइक मामाच्या हातात दिला. म्हणाले, "दोन शब्द बोला, शालीकभाऊ."

मामाने माइक धरला. बायकांच्या बाजूला बघितलं. मामी तिथं पदर घेऊन बसली होती, ती काही त्याच्याकडे बघत नव्हती.

"वरचा मी आहो," मामा म्हणाला. "खालचे पाय मंदाचे होत. या वर्षीच नाई. पयल्या वर्षापासून. शिकवलं थिनं, नाव माहं झालं. मी सांगितलं नाई कोनाले."

गडी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग बायकांतून एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "आमाले काय माईत नाई? धानाच्या धुऱ्यावर मंदा तशीच चालते." आणि सगळ्या बायका हसल्या. हसता हसता कोणी मामीला ढकललं, कोणी तिचा पदर ओढला. मामीने तोंड झाकून घेतलं, पण उठून गेली नाही.

मामाने मला खुणेने जवळ बोलावलं. माइक बाजूला ठेवला होता, हे फक्त मी ऐकलं. "दामिनी, तुह्या पायावर माहं वाकनं राहिलं हाये ना. थे सोड. जा, थिच्या पाया पड माह्याकडून."

मी गर्दीतून वाट काढत गेले आणि मामीसमोर बसले. तिचे पाय चपलेत होते, बोटांच्या फटीत बांधीतला चिखल तसाच राहिला होता. मी हात लावला तशी ती घाबरून पाय आत ओढायला लागली.

"अवं, काऊन करून राहिली? भाचीनं मामीच्या पाया पडाचं नसते. पाप लागते मले."

"नाही लागत," मी तिचे पाय सोडले नाहीत. "हे हात माझे नाहीत, मामाचे आहेत."