निळं औषध प्यालेला दगड

बोलतोय तो मी, दगड. दचकू नका. माणसं माझ्यावर डोकं आपटतात, रागावली की एकमेकांना माझं नाव ठेवतात, पण माझं म्हणणं काही कोणी ऐकून घेत नाही. आज ऐका. थोडंच आहे, आणि त्यातही चांगलं फार कमी.

मी डोंगरातला नव्हे. समुद्राच्या तळाशी प्रवाळाच्या किड्यांनी पिढ्यान् पिढ्या खपून मला बांधलं. म्हणून माझ्या अंगाला आरपार भोकं आहेत, आणि प्रत्येक भोकात कोणी ना कोणी भाडेकरू असायचा. एका पाणबुड्याने पहारीने मला तोडलं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि मी कीलुंग बंदरातल्या एका दुकानात येऊन पडलो. तिथून चिन-फाने मला उचललं.

चिन-फा मालवाहू जहाजाच्या इंजिनावर काम करायचा. आठ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्याने घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आणि मला मधोमध ठेवलं, तेव्हा त्याची बायको पी-श्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आठ महिने समुद्र बघून पोट भरत नाही का रे तुझं? आता घरातही आणलास?"

"तिथे मी जहाजाच्या तळाशी इंजिनापाशी असतो गं. समुद्र दिसतो कुठे?"

"आणि हा कोण? बसलेली म्हैस वाटतेय."

झालं, मी म्हैस झालो. बारसं असं झालं माझं. मला राग नाही, नाव ठेवण्याइतकं माझ्याकडे कोणी आधी बघितलंच नव्हतं.

माझ्या पाठीवर चिन-फाने एक प्रवाळ बसवलं. हिरवं, एकेका तोंडाभोवती लांब लांब बोटं, टोकाला जांभळट. पाणी हललं की भाताच्या रोपांसारखं डुलायचं. पी-श्या त्याला हिरवी म्हणायची. जाताना नवऱ्याने फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला: काय मोजायचं, किती पाणी बदलायचं, दिवा कधी लावायचा. जिने जन्मात मांजर पाळलं नव्हतं ती बाई तो कागद पाठ करून बसली.

मग कुठल्या कुठल्या बंदरांतून फोन यायचे.

"जेवलीस?"

"जेवले. अरे, हिरवीला आज नवीन तोंड फुटलंय!"

"खरं? कुठल्या बाजूला?"

आणि मग अर्धा अर्धा तास चालायचं. कोणती गोगलगाय काचेवरून पडली, पिवळा मासा कोणाशी भांडला. त्या दोघांचा संसार तुम्हाला सांगतो, माझ्या पाठीवर चालला होता. मूलबाळ नव्हतं, दहा महिन्यांत साठ दिवसांचा सहवास. बोलायला ही टाकीच होती.

या छंदातल्या लोकांची एक रीत आहे. आपलं प्रवाळ वाढलं की एक फांदी तोडून मित्राला द्यायची. काचेचं भांडं कधी दगा देईल सांगता येत नाही. माझ्याकडचं गेलं तर तुझ्याकडून आणीन, तुझं गेलं तर माझ्याकडून ने. चिन-फाने हिरवीची फांदी श्ये दादांना दिली. हे कस्टममधले निवृत्त कारकून, दोन गल्ल्या सोडून राहायचे.

आता वाईट सांगतो.

एका वर्षी पिवळ्या माशाच्या अंगावर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके आले. चिन-फाचं जहाज कुठेतरी वादळात अडकलेलं, अकरा दिवस फोन नाही. श्ये दादा मुलीकडे गेलेले. मासा तळाशी पडून धापा टाकायला लागला आणि कागदावर याचं उत्तर नव्हतं. पी-श्या धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. ते दुकान गोड्या पाण्यातल्या माशांचं. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली, म्हणाला, "ठिपके ना? हमखास उतार."

उतार पडला हो! चार दिवसांत मासा ठणठणीत. पण त्या निळ्या पाण्यात तांबं होतं, आणि तांबं म्हणजे प्रवाळाला, गोगलगाईला, बिनकण्याच्या प्रत्येक जिवाला विष. हिरवी आठवड्यात वितळली. माझे सगळे भाडेकरू भोकाभोकांत मेले. आणि ते तांबं कुठे गेलं? मी प्यालो. माझा स्वभावच तो, जे पाण्यात असेल ते पिऊन ठेवायचं आणि मग थोडं थोडं सोडत राहायचं.

चार महिन्यांनी चिन-फा आला. तोवर फोनवर तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. पांढरे सांगाडे बघून दारातच बसला. "काय झालं गं?"

"पाणी बिघडलं," पी-श्या म्हणाली, औषधाचं नाव न काढता. बाटली तर तिने कधीच फेकून दिली होती.

"तुझी नाही चूक. एवढं सगळं तुझ्या गळ्यात टाकून मी जायलाच नको होतं," असं म्हणून त्याने टाकी विकली, मासा कोणाला तरी देऊन टाकला. मी गच्चीवर गेलो, पी-श्याच्या कांद्याच्या पातीच्या खोक्यांवरचा पत्रा उडू नये म्हणून. अकरा वर्षं ऊन खाल्लं. खालून फोन ऐकू यायचा. "जेवलीस?" "जेवले." पुढे गाडी सरकायची नाही. ते ऐकून मला पाझर फुटायचा, पण दगडाला पाझर फुटून काय उपयोग, माझ्या पाझरात तर विषच.

चिन-फा निवृत्त होऊन कायमचा घरी आला आणि दोघांची पंचाईत झाली. समोरासमोर बसून भात खायचे, टीव्ही बोलायचा. तीन आठवड्यांनी तो नवी टाकी घेऊन आला. कान लाल झाले होते लाजेने. "म्हटलं, परत लावावी. आता दोघं मिळून बघू." मग गच्चीवर येऊन मला त्याने टूथब्रशने तास तास घासलं. "चल म्हशी, पाण्यात."

मी ओरडत होतो. नको रे बाबा, दुसरा दगड घे! ऐकणार कोण?

दोन महिने त्याने पाणी मुरवलं. बंदराबाहेरून कॅन भरभरून आणले. मासे सोडले, ते मजेत. तांब्याचं माशांना एवढं काही नसतं, तिथेच तो फसला. गोगलगाई तीन दिवसांत काचेवरून गळून पडल्या. झिंगा उलटा झाला. बाजारातून आणलेलं साधंसं प्रवाळ आक्रसलं ते उघडलंच नाही. चिन-फा पंप बदलायचा, दिवा बदलायचा, वही काढून आकडे लिहायचा. "हात विसरला वाटतं माझा," म्हणायचा. पी-श्या त्याला धीर द्यायची. खरंच द्यायची, माझ्यात अजून ते विष आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

एका दुपारी श्ये दादा आले. हातात सूप ठेवायचा थर्मास. पी-श्याने पेरू कापायला घेतला.

"मी ताइचुंगला लेकीकडे चाललो कायमचा," दादा म्हणाले. "टाकी मोडली. तुझ्या हिरवीची दोनच तोंडं जगलीत बघ. दुसऱ्या कोणाकडे नाही आता ही. घे, तुझी तुला." त्यांनी वाकून माझ्याकडे बघितलं. "पण आधी सांग, गोगलगाई का मरतायत? या दगडाला कधी तांबं लागलं होतं का? ते निळं औषध असतं बघ, ठिपक्यांचं. एकदा शिरलं की दगडातून जन्मात निघत नाही."

पी-श्याची सुरी थांबली.

"माझ्या टाकीत?" चिन-फा हसला. "दादा, एक थेंब नाही. मी समुद्रावर होतो तेव्हा ही बघायची, आणि हिच्यासारखं कोणी बघितलं नसेल. कागदाबाहेर पाऊल टाकलं नाही हिने!"

बाई, बोल! आत्ता बोल! मी आतून फुटायचा बाकी होतो. पण नवऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत कौतुक केलं होतं. तिने पेरूची बशी पुढे सरकवली.

चिन-फाने हिरवी माझ्या पाठीवर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी तो पाणी आणायला गेला तशी पी-श्या बाह्या वर करून टाकीवर ओणवी झाली. मला दोन्ही हातांनी धरून हिसडे द्यायला लागली. मी हललो, पण हिरवी माझ्याबरोबर हलली आणि काचेवर घासली. घाबरून तिने सोडलं. हिरवीला वेगळं करावं तर तिचं नाजूक अंग फाटायचं. तो आला तेव्हा ती बाही पुसत होती. "शेवाळ काढत होते," म्हणाली.

हिरवी नऊ दिवस जगली. पहिल्या दिवशी बोटं उघडली होती तिने, तेवढीच. माझ्या अंगावर, माझ्याच विषाने. नवव्या दिवशी तपकिरी लगदा होऊन तरंगत वर आली.

चिन-फा स्टुलावर बसून राहिला. पी-श्या त्याच्या मागे उभी राहून म्हणाली, "मी घातलं होतं. ते निळं औषध. तेव्हा, पिवळा मरत होता म्हणून. दादा बोलले तेव्हा कळलं मला, आणि तरी मी गप्प बसले. तुझी हिरवी मीच मारली, दोनदा."

मला वाटलं आता आरडाओरडा होईल. होऊ दे, म्हटलं. अकरा वर्षांचं साचलेलं निघून जाऊ दे, आणि मला उचलून जिन्यावरून भिरकावू दे.

तो वळला आणि चक्क हसला. "खुळी का तू? अकरा वर्षं उन्हात पडलेल्या दगडात तांबं राहतं होय? दादांना काय कळतंय. पंपाचाच दोष आहे."

"अरे, पण..."

"पंपच. तुझा काही संबंध नाही. चल, भात गार होतोय."

त्याला सगळं कळलं होतं. त्याचा हात पाण्यात माझ्यावर होता, आणि बोट माझ्या एकेका भोकावरून फिरत होतं. पण मला बाहेर काढलं तर तिचं म्हणणं खरं ठरतं, म्हणून तो मला काढत नाही. आणि तो का काढत नाही हे तिला कळतं, म्हणून तीही पुन्हा विषय काढत नाही. एकमेकांना जपायचं म्हणून दोघांनी मला जपून ठेवलंय. याहून वाईट मरण मी समुद्रात पाहिलं नाही.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत येते. शेजारीपाजारी पिशव्या घेऊन खाली उतरतात. चिन-फाही उतरतो, केराची पिशवी घेऊन. मी टाकीतच असतो.

तुमच्यापैकी कोणी कधी त्यांच्याकडे गेलात तर माझं एवढं करा. चहा घ्या, मासे बघा, आणि निघताना त्यांची नजर चुकवून मला पिशवीत घाला. विचारू नका, दोघंही नकोच म्हणतील. कुठल्याही खड्ड्यात, पायाखाली, रस्त्याच्या भरावात टाका. नाहीतर तो बाजारातून आणखी एक जीव घेऊन येईल, माझ्या पाठीवर बसवेल, आणि ती शेजारी उभी राहून म्हणेल, "छान दिसतंय रे."