दोन बाजूंमधला कोन

भागोजी मास्तरांनी पुठ्ठ्याचा ठोकळा मांडीवर घेतला आणि त्याच्या लगतच्या दोन बाजूंवर दोन्ही हातांची बोटं सपाट टेकवली. चार सारखे त्रिकोण जोडून केलेला तो ठोकळा. दोन बाजू जिथे मिळत, ती कड त्यांच्या अंगठ्यांना लागत होती. ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

"पासष्ट अंश."

त्यांच्या बायकोने, सोनाबाईने, खिळ्याने जोडलेल्या दोन पट्ट्या त्या कडेवर बसवल्या आणि तशाच उचलून कोनमापकावर ठेवल्या.

"पासष्टच हाय," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. सकाळी आठ बाजूंचा ठोकळाही असाच बरोबर आला होता. त्याच्या दोन बाजूंमधला कोन त्यांनी शंभर सांगितला होता.

काचबिंदूने त्यांची नजर त्या पावसाळ्यात पुरती गेली. मुंबईच्या डॉक्टरने आता काही होणं नाही म्हणून सांगितलं. रेवदंड्याच्या इंग्रजी शाळेत ते भूमिती शिकवत. हेडमास्तरांनी दिवाळीपर्यंत वाट पाहायचं कबूल केलं होतं. फळ्यावर दुसरं कुणी लिहील, पण मुलांनी केलेलं चूक की बरोबर हे तुम्हाला समजायला हवं, असं ते म्हणाले होते. त्यात वावगं काही नव्हतं. तेव्हापासून सोनाबाई पुठ्ठे कापून, खळीने चिकटवून ठोकळे करी आणि मास्तर बोटांनी कोन ओळखायला शिकत. आकडे वाचायला लग्नानंतर त्यांनीच तिला शिकवलं होतं.

सुरुवातीला अंदाज फार चुकत. दहाने चुकलं, वीसने चुकलं, असं ती सांगे. मास्तरांचं जेवण कमी झालं. एकदा ताटावर बसल्या बसल्या ते म्हणाले की, वाडीतली विहीर आता मला काठीशिवायही सापडते. त्या रात्री सोनाबाईने दाराशी अंथरूण घातलं. त्यानंतर मात्र अंदाज हळूहळू बरोबर येऊ लागले. मास्तर पुन्हा पोटभर जेवू लागले, शाळेबद्दल बोलू लागले.

त्या दुपारी सोनाबाई मासळी आणायला गेली. मास्तर एकटेच ओटीवर बसले होते. दोन्ही ठोकळ्यांचे त्रिकोण एकाच मापाचे, म्हणून त्यांनी सहज चार बाजूंचा ठोकळा आठ बाजूंच्या ठोकळ्यावर बसवला. त्रिकोणावर त्रिकोण नेमका बसला. मग त्यांनी तळहात वरच्या ठोकळ्यावरून खालच्यावर उतरवला.

हात कुठे अडला नाही, वाकलाही नाही. वरची बाजू आणि खालची बाजू मिळून एकच सपाट पाट झाला होता.

त्यांनी ठोकळा फिरवून दुसऱ्या कडेवर हात फिरवला, मग तिसऱ्या. सगळीकडे तसंच. म्हणजे हे दोन कोन मिळून सरळ रेषा होत होती, एकशे ऐंशी. पासष्ट आणि शंभर मिळून एकशे पासष्टच होतात. उरलेल्या पंधरा अंशांचा बाक हाताला लागल्याशिवाय राहिला नसता. पुठ्ठे चुकले म्हणावेत, तर त्रिकोण कडेला कड बसले होते.

मास्तरांनी ठोकळे वेगळे केले. हात गुडघ्यांवर ठेवून ते बसले.

सोनाबाई आली, मासळी आत ठेवून ओटीवर येऊन बसली. मास्तरांनी आठ बाजूंचा ठोकळा पुढे केला. या वेळी त्यांनी तो चाचपलाही नाही.

"एकशे चाळीस."

पट्ट्या पुठ्ठ्याला घासल्या. मग त्या कोनमापकावर टेकल्याचा आवाज आला. त्या पुन्हा उचलल्याचा आणि पुन्हा टेकल्याचा आवाज आला.

"बरोबर हाय," सोनाबाई म्हणाली.

"एकशे चाळीस?"

"व्हय."

मास्तरांनी ठोकळा तिच्या हातून घेतला आणि बाजूला ठेवला.

"हात धुऊन घे. हेडमास्तरांकडे जाऊन येऊ."

"आज? दिवाळी लांब हाय अजून."

"आजच. दुसरा मास्तर बघा म्हणून सांगायचंय."

सोनाबाई उठली. मागच्या दारी पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तिने त्यांना कोट घातला, गुंड्या लावल्या. गुंड्या लावताना ती एकदा थांबली. 

"पुढं पायरी हाय," अंगणात उतरताना ती म्हणाली.

आजवर तिने असं सांगितलं की मास्तर सरळ पाय टाकत. आज त्यांनी आधी काठी पुढे केली, पायरीची कड ठोकून पाहिली आणि मगच उतरले.

सोनाबाईने ते पाहिलं. वाडीतून शाळेच्या रस्त्याला लागेपर्यंत ती सांगत राहिली, इथं दगड हाय, इथं पाट हाय, इथं वळायचं. प्रत्येक ठिकाणी ती सांगे तसंच होतं, आणि प्रत्येक ठिकाणी काठी आधी पुढे जात होती.